औंधचे प्रतिनिधी

वस्तुसंग्रहालय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक देखावा येतो. दाराशी दोन तोफा, आत गंजक्या तलवारी, एक भुसा भरलेला वाघ आणि खुर्चीत पेंगणारा पहारेकरी. सहलीला आलेली पोरं वाघापेक्षा पहारेकऱ्यालाच जास्त भितात, कारण तो अधूनमधून हलतो! उन्हाळ्यात थंड फरशी मिळते, म्हणूनही काही मंडळी अशा ठिकाणी इतिहासप्रेमी होतात.

सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्रीभवानी संग्रहालय या साच्यात बसत नाही. पहिली अडचण जागेचीच. मुंबई-पुण्याच्या हमरस्त्यावर सोडून हे उभं आहे खटाव तालुक्यात, जिथं पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच जातो. त्यातही भर गावात नाही, तर यमाईच्या डोंगरावर, निम्म्या वाटेत. चढणारा भाविक जिथं धापा टाकत कमरेवर हात ठेवतो, बरोबर तिथं राजानं चित्रं मांडून ठेवली आहेत. हा योगायोग असेल असं मला वाटत नाही. या राजाला माणसाच्या शरीराची बारीक माहिती होती.

कारण हा राजा म्हणजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. 1868 चा जन्म, 1909 साली गादीवर. सूर्यनमस्कारांचं वेड इतकं की स्वतः घालायचे आणि राज्यातल्या शाळांतून पोरांनाही घालायला लावायचे. राजेलोक शिकारी करायचे तेव्हा हे कीर्तन करायचे. इतरांनी मोटारी घेतल्या, यांनी रंग आणि कुंचले घेतले. 1916 साली चित्ररामायण काढलं. पुढं अजिंठ्यावर पुस्तक लिहिलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी लाख रुपये देऊ केले, आणि तिच्यासाठी चित्रंही स्वतःच काढायला बसले. देणगीदार सहसा आपला फोटो छापून घेतात. इथं देणगीदारच कामाला लागला!

अशा माणसानं सत्तरीच्या उंबरठ्यावर, 1938 साली, हे संग्रहालय उभारलं. आत काय नाही? राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, धुरंधरांची आहेत. अर्जुन आणि किरातवेशातला शंकर यांच्या झुंजीची पहाडी शैलीतली लघुचित्रं आहेत, ती पाहायला जाणकार दूरदूरहून येतात. पंतांची स्वतःची चित्रंही आहेत, आणि ती रविवर्म्याच्या शेजारी लावायला ते लाजले नाहीत, हे मला फार आवडतं.

आणि आहेत युरोपातल्या नामांकित चित्रांच्या नकला. शहाणे लोक इथं नाक मुरडतात. ‘छे, ओरिजिनल नाही!’ अहो, पण औंधच्या शेतकऱ्यानं ओरिजिनल बघायला इटलीला कधी जायचं? पेरणीच्या आधी की नंतर? या घराण्याच्या नावातच उत्तर आहे. राजाराम महाराज जिंजीला असताना प्रतिनिधी हे पद निघालं. राजाच्या वतीनं कारभार पाहणारा तो प्रतिनिधी. ते पद पुढं या घराण्याकडे आलं. जो स्वतः येऊ शकत नाही त्याच्या वतीनं कुणीतरी उभं राहायचं, हे या घरात पिढ्यान् पिढ्या मुरलेलं. मग जी चित्रं स्वतः येऊ शकत नव्हती, त्यांचे प्रतिनिधी औंधला आले, इतकंच.

ओरिजिनलही आहे हो. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं ‘आई आणि मूल’. नाक-डोळे मोजायला गेलात तर हिशेब लागत नाही. मी तिथं हाताची घडी घालून, मान तिरकी करून, कलेची जाण असल्यासारखा उभा होतो. शेजारी देवीला आलेल्या एक आजी थांबल्या. नऊवारी, हातात ओटीची पिशवी. क्षणभर बघून त्या सुनेला म्हणाल्या, “लेकरू कसं बिलगून बसलंय बघ.” आणि पुढं गेल्यासुद्धा. माझी मान अजून तिरकीच होती.

पंतांना हेच हवं असणार. नाहीतर एवढा खजिना त्यांनी वाड्यात ठेवला असता आणि गव्हर्नरसाहेब आले की कुलूप काढलं असतं. त्यांनी तो यात्रेच्या वाटेवर ठेवला. आणि लगेच पुढच्या वर्षी, 1939 मध्ये, गांधीजींच्या सल्ल्यानं तयार झालेल्या घटनेनुसार राज्यकारभारही लोकांच्या प्रतिनिधींच्या हाती दिला. इंग्रज अजून जायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. लोकांना मत द्यायचं तर आधी डोळेही द्यावेत, असा काहीसा क्रम त्यांच्या मनात असावा. हा माझा तर्क, पण साल तरी माझ्या बाजूनं आहेत.

1948 साली संस्थान विलीन झालं. 1951 साली पंत गेले. संग्रहालय आज राज्य सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. औंधला जाणार असाल तर आधी देवी की आधी चित्रं, असा वाद घरात घालू नका. चढताना दम लागेलच. तिथं थांबा.