नेमलेला माणूस कुणाचा?

माझा पणजोबा मुंबईच्या गिरणीत लागला तो जॉबरच्या हातून. जॉबरला नेमायचा मॅनेजर आणि कामगाराला लावायचा जॉबर. दस्तुरी सरकवल्याशिवाय बदलीसुद्धा मिळायची नाही. कामगाराचं गाऱ्हाणं साहेबापर्यंत न्यायचं तेही जॉबरनंच. पण त्याची भाकर साहेबाच्या हातात, म्हणून गाऱ्हाणं अर्ध्या जिन्यातच विरायचं. आज्या सांगायचा, त्याचा बाप म्हणायचा : जॉबर आपल्यातला असला म्हणजे आपला असतो असं नाही.

पणजोबाला साळखातं बंद होतं. तिथं धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढावा लागे. आमची थुंकी लागली तर बाकीचे बाटतील, म्हणून आमच्या माणसानं जन्मभर कमी पगाराच्या खात्यात राबायचं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. तोवर हा प्रश्न मांडणारा कुणी निर्णयाच्या टेबलापाशी बसलेलाच नव्हता.

मी आज एका सूतगिरणीत रिंग खात्यात रातपाळी करतो. शिक्षण दहावी. बाकीचं शिक्षण बाबासाहेबांच्या खंडांतून, शेजारी डिक्शनरी ठेवून. ही जॉबरची गोष्ट मला दुसऱ्या खंडात पुन्हा भेटली, म्हणून लिहितोय. मी काही इतिहासकार नाही. पण आपल्या नावावर कोण कुठल्या खुर्चीवर बसला आणि त्याला कुणी बसवला, हा आपलाच इतिहास आहे.

१९१९ च्या कायद्यानं मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात अस्पृश्यांसाठी जागा आली ती नेमणुकीची. १९२१ साली ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप नेमले गेले. अख्ख्या इलाख्यातल्या अस्पृश्यांमागं एक माणूस, तोही गव्हर्नरानं निवडलेला. १९२७ साली बाबासाहेब आणि डॉ. सोळंकी आले तेही नेमूनच. लोकल बोर्डात, म्युनिसिपालटीत आमचा माणूस बहुधा याच वाटेनं यायचा.

आता बघा, बाबासाहेब स्वतः नेमलेले. पण ते जॉबर झाले नाहीत. नेमणाऱ्या सरकारच्या बजेटवर त्यांनी टीका केली. १९२८ साली महार वतनाचं बिल मांडलं. ते पास झालं नाही, पण मांडलं. आणि त्याच साली सायमन कमिशनपुढं बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनं त्यांनी मागणी केली ती आणखी नेमणुकांची नव्हे, तर नेमणूक बंद करून निवडणूक देण्याची. १४० पैकी २२ जागा मागितल्या. नेमलेल्याला मंत्रिपदाची वाटही बंद होती, कारण कायद्यानं मंत्र्याला सहा महिन्यांत निवडून येणं भाग होतं. म्हणजे शोभेला खुर्ची, अधिकाराला नाही. ज्याला खुर्ची मिळाली होती तोच म्हणत होता की ही खुर्ची अशी देऊ नका. मला वाटतं, या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा धडा हाच.

स्वातंत्र्य आलं. आमदार-खासदार निवडून येऊ लागले, आपल्याही राखीव जागा आल्या. पण नेमणूक मेली नाही. ती महामंडळात जाऊन बसली.

त्याचं पहिलं मोठं प्रकरण आयुर्विमा महामंडळाचं. १९५६ साली विमा सरकारी झाला. १९५७ च्या जूनमध्ये महामंडळानं हरिदास मुंदडा नावाच्या सटोडियाच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांच्या घरातले शेअर घेतले. गुंतवणूक समितीला आधी विचारलंच नाही. पैसा कुणाचा? हप्ता भरणाऱ्याचा. डिसेंबरमध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत हे प्रकरण काढलं, आणि ते तर पंतप्रधानांचे जावई, सरकारी बाकावरचे. चौकशी न्यायमूर्ती छागलांकडं आली. मुंबईत उघड सुनावणी झाली, ऐकायला माणसांची गर्दी लोटली. १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींना राजीनामा द्यावा लागला. खरी झाडाझडती कशी असते ते त्या दिवसांत लोकांनी पाहिलं : दार उघडं, प्रश्न मोठ्यानं, उत्तर सगळ्यांसमोर.

पुढं १९६४ साली संसदेनं सार्वजनिक उपक्रम समिती उभी केली. आपल्या विधिमंडळातही तशी समिती आहे. ती हिशेब बघते, अहवाल देते. पण कधी? दूध उतू गेल्यावर. अध्यक्ष म्हणून अमक्यालाच का बसवलं, हे बसवायच्या आधी विचारणारं कुणी नाही. शिपाई व्हायचं तरी परीक्षा द्यावी लागते, महामंडळाच्या अध्यक्षाला मात्र लोकसेवा आयोगाची पायरीसुद्धा चढावी लागत नाही.

संसदेची आणखी एक समिती १९५९ पासून आहे, लाभाच्या पदांची. सरकारी मंडळांवरच्या नेमणुका ती तपासते. ऐकून बरं वाटतं. पण तपासते काय, तर हे पद घेतलं तर खासदारकी जाईल का. माणूस लायक आहे का, हा तिचा प्रश्नच नाही. २००६ साली जया बच्चन यांची राज्यसभेची खासदारकी गेली ती उत्तर प्रदेशच्या चित्रपट मंडळाच्या अध्यक्षपदापायी. सोनिया गांधींनी राजीनामा देऊन पुन्हा निवडणूक लढवली. मग संसदेनं काय केलं? कायदाच बदलला. कैक मंडळं सवलतीच्या यादीत घातली, तीही मागच्या तारखेपासून. राष्ट्रपती कलामांनी बिल परत पाठवलं, संसदेनं तेच बिल पुन्हा पास केलं. चोराला पकडायला गेलेल्यानं कुंपणच मागं सरकवलं.

त्यातच २००३ च्या घटनादुरुस्तीनं मंत्र्यांच्या संख्येवर १५ टक्क्यांची मर्यादा आली. महाराष्ट्रात २८८ आमदारांमागं ४३ मंत्री. उरलेल्या नाराजांचं काय? महामंडळ द्या. मंत्र्याचा दर्जा, गाडी, दिवाणखान्यात सत्काराचे फोटो. महामंडळ ज्याच्यासाठी काढलं तो राहिला बाजूला, आणि रुसलेल्याची समजूत काढायचं ते साधन झालं.

आता आपल्या घरात येतो. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ चं, अण्णाभाऊ साठ्यांच्या नावाचं १९८५ चं. नावं बघा, ज्यांनी आयुष्यभर खुर्चीला भीक घातली नाही त्यांची. यातल्या दुसऱ्या महामंडळाचा अध्यक्ष राहिलेल्या आमदाराला २०१५ साली अपहाराच्या आरोपावरून अटक झाली. गुन्हा खरा की खोटा ते कोर्ट ठरवील. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. त्याला बसवताना कुणी काय विचारलं होतं? तो आमदार आपल्यासाठीच्या राखीव जागेवरचा होता. पणजोबाचं बोलणं मला पुन्हा आठवलं.

कुणी म्हणेल, अमेरिकेसारखं करा. तिथं बड्या नेमणुकांना सिनेटची संमती लागते. पण इथंही बाबासाहेबांनी आधीच इशारा देऊन ठेवलाय. १९४९ च्या मे महिन्यात न्यायाधीशांच्या नेमणुकांवर घटना समितीत बोलताना ते म्हणाले की विधिमंडळाच्या संमतीची पद्धत किचकट तर आहेच, वर तिच्यातून राजकीय दबाव शिरू शकतो. खरंच आहे. तपासणाराच रांगेत उभा असेल तर तो पुढच्याची झडती कशाला घेईल? उद्या त्याचा नंबर यायचाय.

म्हणून झडती नुसती पुढाऱ्यांवर सोडून भागायचं नाही. ज्याच्या नावानं मंडळ आहे त्यानं ती घ्यायची. माझ्या थोरल्या भावानं एका महामंडळाकडं कर्जाचा अर्ज टाकला होता. कुठलं ते लिहीत नाही. ‘मंडळ बरखास्त झालंय, नवीन येईतो थांबा’ असं उत्तर आलं. थांबला. नवीन मंडळ आलं, चौकात फ्लेक्स लागला. अर्ज तिथंच. भावानं शेवटी सावकाराचे पैसे घेतले, आणि ते तो अजून फेडतोय.

परवा पाळीवरून सुटल्यावर मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. चार प्रश्न विचारले. तुमच्या मंडळावर कोण कोण आहेत? कुठल्या निकषावर नेमले? वर्षात किती बैठकांना हजर होते? मंडळ किती महिने रिकामं होतं, आणि तेवढ्या काळात किती अर्ज पडून राहिले? कायद्यानं तीस दिवसांत उत्तर द्यायला पाहिजे. आज अकरावा दिवस आहे.

दोस्तांनो, तुमच्या जिल्ह्यातून तुम्हीही हेच चार प्रश्न टाका. उत्तरं आली की पुढच्या अंकात शेजारी शेजारी छापू. पणजोबाला जॉबरला विचारायची सोय नव्हती. आपल्याला दहा रुपयांत आहे.