मेदाच्या पुडीतले औषध

२०२१ च्या मे महिन्यात ‘लायपोसोमल’ हा शब्द महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचला. कोविडमधून उठलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘काळी बुरशी’, होऊ लागली आणि लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाईक औषधांची दुकाने पालथी घालू लागले. ॲम्फोटेरिसिन-बी हे औषध १९५० च्या दशकापासून ठाऊक आहे. त्याचा साधा प्रकार स्वस्तही आहे. मग धावपळ ‘लायपोसोमल’ प्रकारासाठीच का? कारण साधे ॲम्फोटेरिसिन बुरशीला मारते, पण मूत्रपिंडांनाही इजा करते. तेच औषध मेदाच्या अतिसूक्ष्म कणांत बांधून दिले, तर ही इजा बरीच कमी होते.

औषध तेच, बदलली ती पुडी. अशा पुड्या बांधण्यात ज्यांचे उभे आयुष्य गेले त्यांपैकी एक म्हणजे कॅनडाचे पीटर कलिस. त्यांची कहाणी आपण इथे पाहणार आहोत. गंमत अशी, की या कहाणीची सुरुवात कुठल्याही औषधापासून होत नाही. ती होते एका साध्या, जवळजवळ बालिश वाटणाऱ्या प्रश्नापासून.

पाण्यात आपोआप होणाऱ्या पिशव्या

आधी थोडी पार्श्वभूमी. अंड्याच्या पिवळ्या बलकात लेसिथिन नावाचा मेदयुक्त पदार्थ असतो. त्याच्या रेणूचे डोके पाण्याकडे ओढ घेणारे आणि दोन शेपट्या पाण्यापासून दूर पळणाऱ्या असतात. असे असंख्य रेणू पाण्यात सोडले, तर ते शेपट्यांना शेपट्या लावून दुहेरी थर करतात. थराच्या कडा पाण्यात उघड्या राहू नयेत म्हणून तो थर स्वतःभोवती मिटतो आणि पिशवी तयार होते. आपल्या प्रत्येक पेशीभोवतीचे पटल मुळात असाच दुहेरी थर आहे.

केंब्रिजजवळ बाब्राहम येथे काम करणारे ॲलेक बँगहम यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा पिशव्या पाहिल्या. पुढे त्यांना ‘लायपोसोम’ हे नाव मिळाले. पिशवी म्हटली की तिच्यात काही भरावे असे वाटणारच. १९७१ साली ग्रेगरी ग्रेगोरिॲडिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लायपोसोममध्ये विकर, म्हणजे एन्झाइम, भरून ते उंदरांच्या शरीरात सोडले. कल्पना छान होती, पण पिशव्या लहानमोठ्या होत, त्यांत औषध थोडेच मावे आणि मावलेले गळून जाई.

भिंतीला इतक्या प्रकारच्या विटा कशाला?

पीटर कलिस यांचा जन्म १९४६ चा. त्यांनी व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून १९७२ साली पीएच.डी. मिळवली, तीही भौतिकशास्त्रात. त्यानंतर ते जीवरसायनशास्त्राकडे वळले. ऑक्सफर्ड आणि हॉलंडमधील उट्रेख्ट येथे काम करून १९७८ साली ते आपल्या विद्यापीठात परतले.

त्यांना पडलेला प्रश्न असा: पेशीपटल जर नुसते कुंपण असेल, तर एका प्रकारचा मेदरेणू पुरे. प्रत्यक्षात एकाच पटलात शेकडो प्रकारचे मेदरेणू सापडतात. एवढी विविधता कशासाठी?

उत्तर शोधायला त्यांनी भौतिकशास्त्रातले हत्यार वापरले. या रेणूंच्या डोक्यात फॉस्फरसचा अणू असतो. चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यावर या अणूकडून येणाऱ्या संकेताच्या आकारावरून रेणू कसे रचले आहेत ते कळते. कलिस आणि उट्रेख्टचे बेन डी क्रायफ यांना दिसले, की पटलातले काही मेदरेणू एकटे असताना दुहेरी थर करतच नाहीत. ते पाणी आत ठेवणाऱ्या बारीक नळ्या करतात. १९७९ साली त्यांनी यावर सविस्तर लेख लिहिला.

हे का घडते, ते वर्गात दाखवता येईल. खडूचे सारख्या लांबीचे तुकडे उभे करून एकमेकांना चिकटवा, सपाट थर होतो. आता शेंगदाणेवाला करतो तशा कागदाच्या पुड्या करा आणि त्यांची टोके एका बाजूला ठेवून त्या जवळजवळ रचा. थर सपाट राहत नाही, वाकतो. लेसिथिनचा रेणू खडूसारखा आहे. ज्याचे डोके लहान आणि शेपट्या फाकलेल्या, तो रेणू पुडीसारखा. अशा रेणूंची डोकी आत आणि शेपट्या बाहेर राहून नळी होते.

पण थर मोडणारे रेणू पटलाने बाळगावेत कशाला? कलिस आणि डी क्रायफ यांनी सुचवले, की दोन पटले एकमेकांत मिसळायची असतील तर थर क्षणभर मोडावाच लागतो, आणि तिथे हे पुडीसारखे रेणू उपयोगी पडत असावेत. हा मुद्दा लक्षात ठेवावा. वीस-तीस वर्षांनी तो पुन्हा भेटणार आहे.

पुडी भरण्याची युक्ती

अभ्यासासाठी कलिस यांच्या गटाला एकसारख्या पिशव्या हव्या होत्या. १९८५ साली त्यांनी पद्धत प्रसिद्ध केली: मेदाचे मिश्रण १०० नॅनोमीटर व्यासाची छिद्रे असलेल्या प्लॅस्टिकच्या गाळणीतून दाबाने पुन्हापुन्हा ढकलायचे, शेवया पाडतात तसे. एका केसाच्या जाडीत अशा कितीतरी शेकडो पिशव्या ओळीने बसतील.

दुसरी अडचण भरण्याची. त्यांनी पिशवीच्या आतले पाणी आम्लधर्मी आणि बाहेरचे उदासीन ठेवले. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचे औषध सौम्य अल्कली आहे. बाहेर त्याचे काही रेणू विद्युतभाराविना असतात आणि मेदाच्या थरातून आत शिरतात. आत आम्ल भेटताच त्यांच्यावर धनभार येतो, आणि भारित रेणूला मेदाचा थर ओलांडता येत नाही. मासे धरायच्या सापळ्यासारखे हे, आत जाता येते, बाहेर पडता येत नाही. जवळजवळ सगळे औषध आत जाऊन बसते.

बुरशीवरील ॲम्फोटेरिसिनवरही या गटाने अमेरिकी सहकाऱ्यांसह काम केले. मेदाशी बांधलेल्या ॲम्फोटेरिसिनचा एक प्रकार १९९५ साली अमेरिकेत मान्य झाला. आपल्याकडेही प्रयत्न होत होते. दिल्लीचे बी. के. बच्छावत यांच्या सहकार्याने मुंबईच्या केईएम रुग्णालयात नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाने भारतीय बनावटीच्या लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनच्या रुग्णांवरील चाचण्या केल्या. २०२१ च्या धावपळीमागे असा दोन्हीकडचा इतिहास आहे.

सगळेच सरळ झाले असे मात्र नाही. कलिस यांनी सहसंस्थापक म्हणून १९९२ साली उभारलेल्या आयनेक्स कंपनीने व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगाचे औषध लायपोसोममध्ये भरले होते. २००५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला परवानगी नाकारली आणि कंपनीला माणसे कमी करावी लागली. ते औषध २०१२ साली एका मर्यादित उपयोगासाठी मान्य झाले, आणि २०२२ साली बाजारातून काढून घेण्यात आले.

भार बदलणारा मेद

दरम्यान एक अधिक अवघड माल पुढ्यात आला होता: डीएनए आणि आरएनए. पेशीला सूचना देणारे हे रेणू नुसतेच रक्तात सोडले, तर रक्तातली विकरे त्यांचे काही मिनिटांत तुकडे करतात. शिवाय ते मोठे आणि ऋणभारित असल्याने पेशीत शिरत नाहीत. धनभारित मेद घेतला तर तो त्यांना घट्ट धरतो. परंतु कायम धनभारित राहणारा मेद रक्तातल्या प्रथिनांना चिकटतो आणि विषारी ठरतो. थोडक्यात, धनभार हवाही आणि नकोही.

यावर उपाय सापडला तो भार बदलणाऱ्या मेदाचा. त्याचा प्रवास पाहू. आम्लधर्मी द्रावणात या मेदावर धनभार असतो, म्हणून तो आरएनएला पकडतो आणि कण बनतो. रक्त किंचित अल्कधर्मी आहे, तिथे मेदाचा भार जवळजवळ नाहीसा होतो आणि कण निरुपद्रवी राहतो. पेशी या कणाला गिळते तेव्हा तो एंडोसोम नावाच्या पिशवीत बंद होतो. ही पिशवी हळूहळू आम्ल होते आणि मेदावर पुन्हा धनभार येतो. आता तो पिशवीच्या भिंतीतल्या ऋणभारित मेदरेणूंशी जोडी जमवतो. जोडीचा आकार कसा असतो? पुडीसारखा! थर वाकतो, भिंत मोडते आणि आरएनए पेशीच्या आत मोकळे होते. १९७९ साली जे पटलाचे कोडे होते तेच आता किल्ली झाले. तरीही बहुतेक आरएनए एंडोसोममध्येच अडकते, काही टक्केच सुटते.

योग्य मेद मिळवायला रसायनशास्त्रज्ञांनी रेणूत पुन्हापुन्हा फेरफार केले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मेदामुळे उंदरांमध्ये वजनाच्या प्रतिकिलो ०.००५ मिलिग्रॅम एवढ्या अल्प मात्रेत अपेक्षित परिणाम निम्म्यापर्यंत मिळू लागला. हे काम एकट्याचे नव्हते. थॉमस मॅडन, मायकेल होप, इयन मॅकलाक्लन आणि अल्नायलम कंपनीतले संशोधक अशा अनेकांचा त्यात हात आहे. श्रेय आणि पेटंट यांवरून या कंपन्यांमध्ये कोर्टकज्जेही झाले.

पहिले मोठे फळ २०१८ च्या ऑगस्टमध्ये आले. एका आनुवंशिक रोगात यकृतात सदोष प्रथिन तयार होते, ते मज्जातंतूंत साचते आणि रुग्णाचे हातपाय बधिर होत जातात. पॅटिसिरॅन या औषधातले आरएनए त्या प्रथिनाची निर्मितीच रोखते. २२५ रुग्णांवरील दीड वर्षाच्या चाचणीत औषध न मिळालेल्यांचा आजार वाढत गेला, तर औषध मिळालेल्यांचा सरासरीने किंचित सुधारला.

मग २०२० साली कोविड आला. फायझर-बायोएनटेकच्या लशीतले आरएनए ज्या मेदकणांत होते, त्यातला भार बदलणारा मेद मॅडन, होप आणि कलिस यांनी २००९ साली काढलेल्या, पुढे अक्युइटास हे नाव घेतलेल्या छोट्या कंपनीचा होता. आपल्यापैकी बहुतेकांनी कोविशिल्ड किंवा कोव्हॅक्सिन घेतली, त्यांत असे कण नव्हते. भारताची पहिली आरएनए लस पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने केली आणि तिला जून २०२२ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली. २०२३ चे वैद्यकातील नोबेल आरएनएवरील कामासाठी कॅटलिन कॅरिको आणि ड्रू वाइसमन यांना मिळाले. त्या दोघांबरोबर कलिस यांना २०२२ साली कॅनडाचा गेर्डनर पुरस्कार मिळाला होता.

२०२५ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एका तान्ह्या बाळाच्या यकृतातील जनुकदोष खास त्याच्यासाठी बनवलेल्या औषधाने सुधारण्याचा प्रयत्न झाला. तेही मेदकणांतून दिले गेले आणि बाळाची प्रकृती सुधारली. रोग यकृताचा होता ही जमेची बाजू होती. रक्तात शिरताच या कणांवर एक प्रथिन चिकटते, त्यामुळे यकृत त्यांना आपलाच नेहमीचा मेद समजून ओढून घेते. मेंदू, स्नायू, फुप्फुस येथे खात्रीने पोचणारी पुडी अजून बनायची आहे.

पेशीपटलाची आकृती फळ्यावर काढताना आपण सगळे मेदरेणू सारखे काढतो, एक डोके आणि दोन शेपट्या. आमची सूचना एवढीच, की त्यांतले काही रंगीत खडूने पुडीच्या आकाराचे काढावेत आणि ते तिथे काय करत असतील असे मुलांना विचारावे. लगेच उत्तर सांगू नये. या प्रश्नापासून पहिल्या आरएनए औषधापर्यंत पोचायला चाळीस वर्षे लागली, आणि तो विचारला गेला तेव्हा त्याचा उपयोग काय, हे कोणालाच सांगता आले नसते.