हळदीची चिमूट आणि ३२ पुरावे

आमच्या पारनेरकडे कुत्र्याला खरचटलं की एकच औषध, हळद. जखम धुवायची, हळद तेलात कालवून लावायची आणि कुत्र्याने ती दोन मिनिटांत चाटून टाकायची! मेंढरांमागे हिंडणाऱ्या धनगरी कुत्र्यांचा दवाखानाही हाच. तसंही कोरठणच्या खंडोबाला गेलात तर भंडारा म्हणजे हळदच की, आणि खंडोबाच्या चित्रात घोड्यासोबत कुत्रा हवाच.

आता गंमत बघा. २८ मार्च १९९५ ला अमेरिकेने ५४०१५०४ क्रमांकाचं पेटंट दिलं. कशावर? जखम भरायला हळद वापरण्यावर!! पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरचं, आणि संशोधक दोघेही मूळचे भारतीय. आमच्या आजीला सांगितलं असतं तर तिने वेड्यात काढलं असतं. पण पेटंट ऑफिसात आजीची साक्ष चालत नाही, तिथे कागद लागतो. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम शेकडो वर्षं लाइव्ह आहे, पण डॉक्युमेंटेशन कुठाय?

डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. १९९६ मध्ये सीएसआयआरने पेटंटला आव्हान दिलं आणि संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने उल्लेख धुंडाळून तब्बल ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यात इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला १९५३ चा एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. पुढे २००१ मध्ये असल्या ज्ञानाची डिजिटल लायब्ररीच उभी राहिली.

मला एक गोष्ट मात्र खटकते. ही लायब्ररी मुख्यतः ग्रंथांवर उभी आहे. कुत्र्याच्या जखमेत किडे पडले की सीताफळाचा पाला वाटून भरणारा धनगर काही ग्रंथ लिहायला बसला नव्हता. उद्या त्याच्यावर कुणी पेटंट काढलं तर कुठला कागद दाखवणार?

असो. केस जिंकलो म्हणून हळदीने सगळं बरं होतं असंही नाही. बाजारच्या हळदीत रंगासाठी लेड क्रोमेट मिसळलेलं सापडतं, आणि कुत्रा तर ते चाटणार. म्हणून मी जखमेभोवतीचे केस कापतो, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुतो, पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावतो आणि चाटू नये म्हणून गळ्यात कोन घालतो. खोल जखम, किडे किंवा दुसऱ्या कुत्र्याचा चावा असेल तर थेट जनावरांच्या डॉक्टरकडे. तिथे रेबीजचा प्रश्न येतो, आणि त्यावर हळद चालत नाही.