घरचा पाव, पिठातच भाजी

पावभाजीच्या ताटलीत पाव आणि भाजी शेजारी-शेजारी नांदतात. भाजी थेट पावाच्या पिठातच मळून भाजण्याची पद्धत मात्र आपल्या स्वयंपाकघरात अजून फारशी रुळलेली नाही. गाजर, पालक, बटाटा, बीट, मेथी, लाल भोपळा अशा बहुतेक भाज्या यीस्टने फुगवलेल्या पावात चालतात. तरीही पहिल्या प्रयत्नात पुष्कळांच्या हाती येतो, तो वरून करपलेला आणि आत गिच्च राहिलेला गोळा. दोष दिला जातो यीस्टला. वास्तविक तो बहुधा भाजीतल्या पाण्याचा असतो.

घरच्या पावाकडे वळण्यास सबळ कारणही आहे. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेने मे २०१६ मध्ये पाव, ब्रेड, बन आदींच्या ३८ नमुन्यांचे निष्कर्ष जाहीर केले. त्यांपैकी ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट वा आयोडेटचा अंश आढळला होता. ब्रोमेटमुळे कर्करोगाची शक्यता व्यक्त होत असल्याने त्याच वर्षी जूनमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते परवानगीच्या यादीतून वगळले. घरी पीठ, पाणी, यीस्ट आणि मीठ एवढ्यावर पाव उत्तम होतो. आपण काय खातो, याची शंका राहात नाही.

आता पाण्याविषयी. गाजर व बीट यांत सुमारे ८७-८८ टक्के, पालकात ९१ टक्क्यांच्या आसपास, तर कच्च्या बटाट्यात ८० टक्क्यांच्या जवळपास पाणी असते. ते एकदम बाहेर येत नाही, हीच मेख आहे. पिठातले मीठ किसलेल्या भाजीतून पाणी हळूहळू ओढून घेते. त्यामुळे मळताना नेमके वाटलेले पीठ तासाभराने सैल होऊन पसरते. घाबरून त्यात मूठ-मूठ कोरडे पीठ घातले, की पाव दगडासारखा होतो.

यावरचा उपाय सोपा आहे. ३०० ग्रॅम मैद्यासाठी (हवे तर त्यात १०० ग्रॅम कणीक धरावी) १५० ग्रॅम गाजर किसून घ्यावे. त्याला चहाचा एक सपाट चमचा मीठ चोळून वीस मिनिटांनी किस घट्ट पिळावा. हे पाणी टाकू नये. त्यात कोमट पाणी घालून एकूण १५० मिलिलिटर करावे. मीठ यातच आले, ते पुन्हा घालू नये. मैद्यात चहाचा एक चमचा इन्स्टंट यीस्ट, दोन चमचे साखर आणि दोन मोठे चमचे तेल घालून या पाण्याने दहा मिनिटे मळावे. गोळा आधी पुरीच्या पिठासारखा घट्ट असावा. शेवटी किस मिसळल्यावर तो पोळीच्या कणकेइतका मऊ होतो. गरज वाटल्यासच चमचाभर पाणी वाढवावे. पाणी फार कढत नसावे, कारण साधारण ५५ ते ६० अंशांना यीस्ट मरते.

पालकाचा हिशेब वेगळा. उकळत्या पाण्यातून काढून वाटलेला पालक म्हणजे जवळजवळ पाणीच, असे समजून तेवढे पाणी कमी करावे. उकडलेला बटाटा मात्र पावाचा मित्र. त्यातील शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो आणि पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. नवशिक्यांनी बटाट्यापासूनच सुरुवात करावी, असे सुचवावेसे वाटते. कांदा परतून, थंड करून घालावा. कच्चा लसूण अधिक झाल्यास यीस्टचे काम मंदावते. तोही परतलेलाच बरा. बिटाच्या गुलाबी पावाचे स्वप्न पाहणाऱ्यांची निराशा संभवते, कारण भट्टीच्या उष्णतेत तो रंग बराचसा तपकिरी होतो. मेथीचा कडवटपणा ज्यांना रुचतो, त्यांना तिचा पाव नक्की आवडेल.

पीठ झाकून दुप्पट होऊ द्यावे. मे महिन्यात यास पाऊण तास पुरतो, पुण्या-नाशिकच्या थंडीत दोन तासही लागतात. घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावे. नंतर हवा काढून, आकार देऊन तेल लावलेल्या साच्यात पुन्हा फुगवावे आणि तापलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर ३० ते ३५ मिनिटे भाजावे. वरचा भाग लवकर रंगला तर अॅल्युमिनियमचा कागद झाकावा. भाजीच्या पावाला आतून शिजण्यास साध्या पावापेक्षा जास्त वेळ लागतो. पाव उलटा करून तळाशी टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला पाहिजे. जाळीवर तासभर निवल्याशिवाय सुरी लावू नये, अन्यथा नीट भाजलेला पावही आत चिकट वाटतो.

भाजीच्या ओलाव्यामुळे या पावाला बुरशी लवकर धरते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तो दोन दिवसांत संपवावा. फ्रिजमध्ये ठेवलेला पाव लवकर शिळा होतो. उरल्यास काप करून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि लागतील तसे तव्यावर भाजून घ्यावेत.