बेहजादचे बंद दरवाजे

‘मुसलमानांत कसली आली चित्रकला? ती तर हराम!’ हे वाक्य मी आपल्या लोकांकडून ऐकतो आणि इतरांकडूनही. आपले लोक अभिमानाने म्हणतात, इतर कीव केल्यासारखे. दोघांसमोरही मी एकच चित्र ठेवतो. १४८८ मध्ये हेरातच्या कमालुद्दीन बेहजादने काढलेले यूसुफ-जुलेखाचे.

आधी हरामचे बघू. कुरआनात चित्रकलेला थेट मनाई करणारी आयत नाही. हदीसमध्ये मात्र सजीवांच्या प्रतिमा घडवणाऱ्यांबद्दल कडक शब्द आहेत. ‘मुसव्विर’ म्हणजे चित्रकार आणि ‘अल-मुसव्विर’, आकार देणारा, हे अल्लाहचे नाव. यावरून त्या धास्तीचे मूळ कळते. उलेमांनी ती गांभीर्याने घेतली, म्हणून कुरआनच्या प्रतीत माणसाचे चित्र नसते. इराणी चित्र फुलले ते राजाच्या किताबखान्यात, फिरदौसी, निजामी, सादी यांच्या काव्यांच्या पानांवर. तिथे कागद घोटणारा, सोन्याचे काम करणारा, बांधणी करणारा असे सगळे एका ग्रंथासाठी राबत. सर्वांत वरचा मान कातिबाचा, म्हणजे सुलेखनकाराचा. चित्रकार त्याच्या खाली.

बेहजादचे चित्र आहे सादीच्या ‘बोस्तान’मध्ये. सुलतान हुसैन बायकराच्या ग्रंथालयासाठी केलेली ही प्रत आज कैरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. चित्रात एक महाल आहे. जिने, सज्जे, जाळ्या, एकावर एक दालने आणि बंद दरवाजे. अगदी वर, उजव्या बाजूच्या दालनात, तांबड्या वस्त्रातली जुलेखा गुडघे टेकून यूसुफला धरायला झेपावते आहे. हिरव्या वस्त्रातला यूसुफ निसटतो आहे, त्याच्या डोक्याभोवती सोनेरी ज्वाळा. एवढ्या मोठ्या वाड्यात तिसरे माणूस नाही.

कथा आपल्या घराघरांत माहीत आहे. सूरह यूसुफमध्ये ती येते, आणि ‘सर्वांत सुंदर कथा’ हे शब्द त्याच सूरहच्या आरंभी आहेत. तिथे जुलेखाचे नाव नाही, पण तिने दरवाजे बंद केले हे आहे. गंमत अशी की सादीने महालाचे वर्णनच केलेले नाही. त्याची जुलेखा मोहाच्या क्षणी आपल्या मूर्तीच्या तोंडावर कापड टाकते, आणि यूसुफ तिला विचारतो की तुला दगडाची लाज वाटते, मग मला माझ्या परवरदिगाराची वाटू नये का? सात दालनांचा महाल आहे तो जामीचा. मौलाना जामी हेरातलाच राहणारे, बेहजादचे समकालीन. त्यांची ‘यूसुफ व जुलेखा’ ही मसनवी तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती. म्हणजे बेहजादने पान सादीचे घेतले आणि घर जामीचे बांधले.

पण जामीच्या महालातल्या भिंतींवर यूसुफ आणि जुलेखा मिठीत असल्याची चित्रे आहेत. बेहजादने ती काढली नाहीत. सादीची मूर्तीही काढली नाही. भिंतींवर नुसती नक्षी आहे. चित्रकाराने चित्रातून चित्रेच वगळली! मूर्ती नाही, पहारेकरी नाही, दासी नाही, तरी यूसुफ पळतो आहे. कुणाला घाबरून, हे त्या रिकाम्या दालनांतून कळते. अल्लाह कोणत्याही मुसलमान चित्रकाराने रंगवला नसता; बेहजादने त्याची उपस्थिती रिकाम्या जिन्यांनी सांगितली. माझ्या मते या कलेत इतका धार्मिक क्षण दुसरा नाही, आणि तो हराम ठरवायचा तर आधी तो नीट पाहावा लागेल.

‘त्यांना सावली आणि खोली दाखवता येत नव्हती’ असेही म्हटले जाते. एकाच जागेवरून दिसेल तेवढेच दाखवायचे, हा त्यांचा उद्देशच नव्हता. हे चित्र भिंतीवर टांगायचे नाही, हातात धरून वाचायचे. नजर खालच्या दारातून शिरते, जिन्याने वळत वळत वर जाते, म्हणजे जुलेखाने यूसुफला ज्या वाटेने नेले त्याच वाटेने. एका नजरेत सगळी खोली दिसली असती तर ही वाट राहिली नसती.

म्हणूनच पान पुस्तकातून फाडले की त्याचा जीव जातो. शाह तहमास्पच्या ‘शाहनामा’त २५८ चित्रे होती. १९५९ मध्ये तो आर्थर हॉटन या अमेरिकन संग्राहकाने विकत घेतला आणि पुढे त्याची पाने सुटी केली. काही संग्रहालयांना दिली, काही लिलावात विकली. चारशे वर्षे टिकलेला ग्रंथ असा मोडला. उरलेला भाग १९९४ मध्ये इराणने परत मिळवला, तो डी कूनिंगच्या एका चित्राच्या बदल्यात. भिंतीवरच्या चौकटीत अडकलेल्या पानाच्या पाठीवरचा मजकूर आता भिंतीकडे तोंड करून असतो.

हे फार लांबचे वाटत असेल तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाकडे ‘तारीफ-ए-हुसैनशाही’ आहे. अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाची स्तुती करणारे हे आफताबी या कवीचे सचित्र फारसी काव्य, सोळाव्या शतकातले. त्यातल्या चित्रांत राजाशेजारी राणी खुन्झा हुमायून बसलेली होती. पुढे कुणीतरी बहुतेक पानांवरून तिला खोडून काढले. राजा तसाच आहे, आणि त्याच्या शेजारी पुसल्याचा डाग.