पर्यायाचा पर्याय

'पर्याय' म्हणजे मूळ शब्दाच्या जागी चालणारा दुसरा शब्द. मात्र कोणतेही दोन शब्द सर्वस्वी समानार्थी नसतात, हे भाषेच्या अभ्यासकांना सांगायला नको. विषशास्त्रातील 'प्राणिचाचणीला पर्याय' ही संज्ञाही आम्हांला याच सावधपणाने वाचावीशी वाटते.

अमेरिकेत १९३० च्या दशकात पापण्यांना लावायच्या एका रंगामुळे स्त्रियांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. १९३८ च्या कायद्याने सौंदर्यप्रसाधने सरकारी नियंत्रणाखाली आली आणि १९४४ मध्ये जॉन ड्रेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सशावरील चाचणी मांडली. सशाच्या भादरलेल्या कातडीवर रसायन लावायचे आणि लाली व सूज नजरेने पाहून शून्य ते चार असे गुण द्यायचे, अशी ती रीत होती. ससा येथे माणसाच्या बदली उभा होता; म्हणजे पहिला पर्याय तोच!

१९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी प्राण्यांच्या जागी अन्य साधने वापरणे, त्यांची संख्या घटवणे आणि त्यांच्या यातना कमी करणे ही त्रिसूत्री मांडली. पुढे १९७५ मध्ये राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी माणसाच्या बाह्यत्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या, त्याही उंदराच्या पेशींच्या थरावर. या विद्येचा पहिला मोठा लाभ भाजलेल्या रुग्णांना झाला. विषशास्त्राने ती नंतर आपलीशी केली. पेशींचा थर हवेला उघडा ठेवला, की वरचा भाग निबर होऊन खऱ्या त्वचेसारखे पदर तयार होतात. त्यावर रसायन लावून नंतर एक पिवळे द्रव्य घालतात; जिवंत पेशी त्याचे जांभळ्या रंगात रूपांतर करतात. निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जगल्या, तर रसायन दाहक ठरते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००४ मध्ये त्वचा जाळणाऱ्या आणि २०१० मध्ये दाह करणाऱ्या रसायनांसाठी अशा चाचण्यांना मान्यता दिली.

मात्र ही त्वचा विश्वासार्ह आहे, हे ठरवले कसे? मुख्यतः सशाच्या जुन्या नोंदींशी ताडून! सशाची कातडी माणसाच्या त्वचेपेक्षा बहुधा अधिक हळवी असते. त्यामुळे एखादे रसायन माणसाला सोसत असले आणि मानवी पेशींनी तसे अचूक सांगितले, तरी सशाशी मतभेद झाला म्हणून ते उत्तर चुकीचे धरले जाण्याचा धोका राहिला. बदली उभा केलेलाच कालांतराने मूळ संहिता होऊन बसला होता.

युरोपीय संघाने २०१३ मध्ये प्राण्यांवर नव्याने तपासलेल्या प्रसाधनांची विक्री बंद केली; भारताने २०१४ मध्ये प्रसाधनांच्या प्राणिचाचणीवर बंदी घातली. तरीही या त्वचेला रक्ताभिसरण नाही, यकृत नाही. पोटात गेलेल्या विषाविषयी ती काही सांगू शकत नाही. ही मर्यादा मान्य करूनच तिचा पुरस्कार करावा, असे आम्हांला वाटते. आणि प्रत्येक नव्या पर्यायाबाबत, तो कोणत्या 'मुळा'शी ताडला गेला, हे आधी विचारावे.