मान कलंडलेला ससा

जव्हार-मोखाड्यात सशाशी माणसाचा जुना संबंध शुश्रूषेचा नाही, शिकारीचा. इथले गवताळ माळ ही रानसशाची हक्काची जागा. झुडपांच्या कडेने वाघूर, म्हणजे जाळे, लावायची, दुसऱ्या अंगाने हाकारा करायचा आणि बिथरलेला ससा जाळ्यात घालायचा, ही शिकारीची रीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ती आता गुन्हा आहे. गवत कापताना सापडलेले पिल्लू हौसेने घरी पाळणेही कायद्यात बसत नाही. जखमी असेल तर ते वनखात्याच्या हवाली करायचे. धडधाकट पिल्लू बहुधा पोरके नसतेच. मादी त्याला दिवसभर एकटे ठेवते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते.

पिंजऱ्यातला पांढरा ससा मात्र या मातीतला नाही. त्याचे मूळ युरोपातले. तो बिळात राहणारा, पिल्ले उघडी आणि डोळे मिटलेली जन्मणारी. रानसशाची पिल्ले जन्मतःच केसाळ आणि डोळस. गुणसूत्रेही वेगळी, पाळीव सशाची 44 आणि रानसशाची 48. हौस फिटली की रस्त्यावर सोडला जातो तो हा पाळीव ससा, आणि त्याला रानात जगता येत नाही.

आजारी जनावराला दवाखान्यात नेण्याची सोय मुंबईत एकोणिसाव्या शतकात झाली. प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था 1874 मध्ये निघाली, दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळचे बाई साकरबाई रुग्णालय 1883 मध्ये उभे राहिले, 1886 मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. तेव्हा डोळ्यांसमोर होते ते ट्रामचे घोडे आणि गाडीचे बैल. सशाला कोणी रुग्ण मानले नव्हते.

सशाच्या मेंदूकडे वैद्यकाचे लक्ष गेले तेही माणसासाठीच. पाश्चरने 1885 मध्ये पिसाळलेला कुत्रा चावलेल्या मुलाला दिलेली लस सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केली होती. 1922 मध्ये अमेरिकेत राइट आणि क्रेगहेड यांना प्रयोगशाळेतल्या कोवळ्या सशांत लुळेपणाची साथ दिसली. मेंदूत आणि मूत्रपिंडांत त्यांना एक सूक्ष्म परजीवी आढळला, आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या लेव्हादिती व सहकाऱ्यांनी त्याला एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली हे नाव दिले. म्हणजे घरच्या सशाच्या मान कलंडण्याच्या दुखण्याचे ज्ञान प्रयोगाच्या सशाने दिले, आणि तेही प्रयोगात अडचण आली म्हणून!

हा परजीवी लघवीतून पसरतो. अनेक सशांत तो वर्षानुवर्षे गप्प राहतो. उठला की मान एका बाजूला कलंडते, बुबुळे थरथरतात, मागचे पाय ओढले जातात. जोर जास्त असेल तर ससा अंगाभोवती गडगडा लोळतो. आतल्या कानाच्या संसर्गातही मान अशीच वळते. रक्ततपासणीत प्रतिपिंडे सापडली तरी त्यातून एवढेच कळते की परजीवीशी कधीतरी गाठ पडली होती. त्यामुळे जिवंत सशात खात्रीचे निदान अनेकदा होतच नाही आणि उपचार अंदाजाने सुरू करावे लागतात. गुरांच्या जंतांवर दिले जाणारे फेनबेंडाझोल यात सहसा 28 दिवस देतात. माणसांची किंवा शेळीची प्रतिजैविके मनाने देणे घातक: पेनिसिलिन वर्गातली औषधे तोंडावाटे गेली तर पोटातले उपयोगी जंतू मरतात आणि ससाही.

औषधाइतकेच काम हाताचे आहे. लोळणाऱ्या सशाला लहान खोक्यात ठेवून चारी बाजूंनी गुंडाळलेले टॉवेल लावतात, म्हणजे तो आपटत नाही. खालच्या बाजूचा डोळा घासून जखमी होतो, तिथे मलम लागते. गवत तोंडापाशी धरावे लागते. ससा काही तास उपाशी राहिला तरी त्याचे आतडे मंदावू लागते, मग मूळ दुखण्याआधी तेच त्याला नेते. स्वतः खात नसेल तर पातळ कालवलेला चारा सिरिंजने गालाच्या कडेने थोडा थोडा घालतात. मागच्या भागाला चिकटलेली घाण रोज पुसतात, नाहीतर पावसाळ्यात माश्या बसून अळ्या पडतात. सुधारणा आठवड्यांनी मोजावी लागते. बऱ्याच सशांची मान थोडी तिरकी राहते, पण त्या तिरकेपणाची सवय होते आणि ते पुन्हा आपले आपण चरू लागतात.